टाय फाडायला आधी टाय लागतो

युनिफॉर्मच्या दुकानातल्या बाईंनी माझ्या मुलाचं नाव विचारलं नाही. आधी शाळा विचारली आणि मग विचारलं, "हाऊस कुठलं?" मी फोनवर शाळेची ईमेल शोधू लागले. तोवर अकरा वर्षांचा मुलगा पुढे होऊन हाऊसचं नाव सांगून मोकळा झाला होता. शाळेत अजून एक दिवसही गेला नव्हता, पण ते नाव त्याला पाठ होतं. बाईंनी एक ड्रॉवर उघडला आणि गडद निळ्या कापडावर हिरवी तिरकी रेघ असलेला टाय काउंटरवर ठेवला. शेजारच्या ड्रॉवरमध्ये लाल रेघ, त्याखाली पिवळी, त्याखाली पांढरी. टायला गाठ मारायची सोय नव्हती. शिवलेली तयार गाठ आणि तिच्यामागे चिमटा, कॉलरला अडकवायचा. ओढाताणीत गळ्याला फास बसू नये म्हणून हल्ली बऱ्याच शाळा असेच टाय देतात.

संध्याकाळी अकोल्याला व्हिडिओ कॉल लावला. पोस्टातून निवृत्त झालेल्या माझ्या वडिलांनी, आबांनी, नातवाला ब्लेझर आणि टायमध्ये पाहिलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चला, आपल्या घरातली पहिली मुंज इंग्लंडात झाली."

आम्ही सगळे हसलो. आमच्या घराण्यात मुंज कधी झाली नाही, व्हायचा प्रश्नच नव्हता. आबांचा हा विनोद जितका गोड तितकाच तिखट होता. त्यानंतरच्या काही आठवड्यांत मी इंग्लिश शाळा, हाऊस आणि टाय यांच्याबद्दलची दोन पुस्तकं वाचली आणि एक चित्रपट दोनदा पाहिला. माझी प्रयोगशाळा पेशींची, साहित्याची नाही. तरी पोस्टडॉकला शोधनिबंध चाळायची जी सवय लागते, तीच इथे वापरली. वाचताना आणि पाहताना आबांचं वाक्य मात्र डोक्यातून जाईना.

आधी हाऊस म्हणजे काय ते सांगते, कारण अमेरिकेतल्या किंवा आखातातल्या वाचकांना ते हॅरी पॉटरपुरतंच माहीत असण्याची शक्यता आहे. ईटनची शाळा १४४० साली सहाव्या हेन्री राजाने स्थापन केली. संस्थेच्या खर्चाने राहणारी मुलं सत्तर. बाकीची मुलं पैसे भरून शिकायची आणि गावात जागा मिळेल तिथे राहायची. अशा मुलांना ठेवून घेणाऱ्या, जेवूखाऊ घालणाऱ्या घरमालकिणींना 'डेम' म्हणत. म्हणजे हाऊसची सुरुवात अगदी साधी, आपल्याकडच्या खाणावळीसारखी. पुढे ही घरं मास्तरांच्या हाती आली, आणि राहण्याच्या जागेची निष्ठेची जागा झाली. एकोणिसाव्या शतकात ही पद्धत अशी रुजली की जिथे एकही मुलगा मुक्कामाला नसतो, त्या दिवसाच्या शाळांनीही ती उचलली. अकोल्यात माझ्या शाळेतसुद्धा लाल, निळं, हिरवं, पिवळं अशी हाऊसेस होती. मी निळ्यात होते. का, ते कोणी सांगितलं नव्हतं, पण खेळांच्या दिवशी लाल हाऊसचा मनापासून राग यायचा. लाल हाऊसमध्ये माझी सख्खी मैत्रीण होती.

हाऊसला मराठीत 'घर' म्हणता येत नाही, 'घराणं' त्यातल्या त्यात जवळचं. फरक एवढाच की गाण्याच्या घराण्यात तुम्ही गुरू शोधत जाता. इथे नवीन मुलांची यादी निघते आणि नावापुढे रंग लागलेला असतो.

या रंगावर प्रेम कसं करायचं हे ज्या पुस्तकाने इंग्लंडला शिकवलं ते म्हणजे थॉमस ह्यूजचं 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज', १८५७ सालचं. ह्यूज स्वतः रग्बी शाळेचा विद्यार्थी. तिथे डॉ. थॉमस आर्नल्ड १८२८ साली मुख्याध्यापक म्हणून आले. शाळेचा रोजचा कारभार वरच्या वर्गातल्या मुलांच्या हाती सोपवायचा, हे त्यांच्या काळात त्या शाळेचं मोठं तत्त्व झालं. पुस्तकात टॉम रग्बीला पोहोचतो त्याच दिवशी 'स्कूल हाऊस' विरुद्ध उरलेली सगळी शाळा असा फुटबॉलचा सामना असतो. टॉमला नियमही धड माहीत नाहीत, तरी तो चेंडूवर अंग टाकतो, चेंगरतो आणि त्याच क्षणी हाऊसचा होतो. रात्री गाणी होतात. थोरला ब्रुक भाषण करतो: आपण जिंकलो ते एकमेकांवर विश्वास आहे म्हणून, आपल्यात हाऊसची भावना आहे म्हणून.

हा भाग आजही वाचवतो. एका घाबरलेल्या मुलाला एका दिवसात 'आपण' हा शब्द मिळतो, याचं सुख ह्यूजने खरंखुरं लिहिलं आहे. घर सोडून परदेशात आलेल्या कोणालाही ते ओळखीचं वाटेल. पहिल्या गणेशोत्सवात मंडळाच्या हॉलमध्ये कोणीतरी हातात पुरणपोळीचं ताट ठेवतं, तेव्हा आपल्यालाही हेच होतं. पण ह्यूज प्रामाणिक लेखक आहे, म्हणून त्याच हाऊसमध्ये फ्लॅशमनही आहे. लॉटरीची चिठ्ठी विकायला नकार दिला म्हणून तो टॉमला शेकोटीपुढे धरून भाजतो. ह्यूजच्या मते दोष फ्लॅशमनचा, हाऊसचा नाही. एक दुष्ट मुलगा गेला की घर पुन्हा चांगलं होतं.

लिंडसे अँडरसनचा 'इफ....' हा चित्रपट १९६८ सालचा, म्हणजे १११ वर्षांनंतरचा. ह्यूजच्या या मताला दिलेलं ते उत्तर आहे असं मला वाटतं. कानच्या महोत्सवात १९६९ साली त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. वसतिगृह असलेल्या एका मुलांच्या शाळेत मिक ट्रॅव्हिस (माल्कम मॅक्डॉवेलची ही पहिली मोठी भूमिका) आणि त्याचे दोन मित्र हळूहळू बंड करतात, आणि शेवटी स्थापनादिनी छपरावरून पालक-पाहुण्यांवर गोळ्या झाडतात. पॅरिसमध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले त्याच वर्षीचा चित्रपट, त्यामुळे त्याच्याकडे 'तरुणांचं बंड' म्हणूनच पाहिलं गेलं. मला तो पाहताना शेवटच्या गोळीबारापेक्षा पहिली चाळीस मिनिटं जास्त महत्त्वाची वाटली.

त्या चाळीस मिनिटांत फारसं काही घडत नाही. सुटी संपते, मुलं ट्रंका ओढत येतात, फलकावर नावं शोधतात. ज्यूट नावाचा नवा मुलगा आहे. त्याला हाऊसची परीक्षा द्यायची आहे. विषय गणित नाही, लॅटिन नाही. कोण कोणाला काय म्हणतो, कुठल्या गोष्टीला हाऊसच्या बोलीत कुठला शब्द आहे, हे सगळं पाठ करायचं. त्याच्याहून थोडीच मोठी मुलं त्याच्याकडून ते घोकून घेतात, कारण तो चुकला तर मार त्यांनाही बसेल. मला हे दृश्य फार नेमकं वाटलं. हाऊस सापडतं ते इथे. कोणी क्रूर नाही, उलट शिकवणारी मुलं मदतच करत आहेत. पण मदत करता करता धाक एका हातातून दुसऱ्या हातात जातो. फ्लॅशमनला काढून टाकून इथे काही होणार नाही, कारण इथे फ्लॅशमनची गरजच नाही.

हाऊसवर राज्य आहे ते 'व्हिप' म्हणवणाऱ्या चार मोठ्या मुलांचं. हातात छडी, अंगात भडक वास्कूट. हाऊसमास्तर केम्प दमलेला, गुळमुळीत माणूस आहे. मुख्याध्यापक तर चक्क सुधारक! चालता चालता आधुनिक ब्रिटन, शिक्षण, कल्पकता यांवर सुंदर बोलतो. त्याचं बोलणं ऐकताना माझ्या विद्यापीठातल्या 'समावेशकता' या विषयावरच्या बैठका आठवल्या. तो वाईट माणूस नाही, फक्त त्याचा हाऊसशी काही संबंध नाही. जिममध्ये तिघांना छड्या बसतात तेव्हा तो कुठेच नसतो. मारणारा व्हिप लांबून धावत येतो. मिकला सर्वांत जास्त छड्या बसतात, आणि नंतर मारणाऱ्याचा हात हातात घेऊन आभार मानावे लागतात. वरच्यांनी अधिकार सोडून द्यायचा, खालच्यांनी तो एकमेकांवर चालवायचा, आणि मार खाणाऱ्याने धन्यवाद म्हणायचं. आर्नल्डच्या तत्त्वाचं हे शंभर वर्षांनंतरचं रूप. ज्यांच्या पूर्वजांनी गावगाडा पाहिला आहे त्यांना ते समजावून सांगावं लागत नाही. तिथेही राजा लांब असायचा, आणि रोजचा नियम शेजारीच पाळायला लावायचे.

मुलाची आई म्हणून एक दृश्य मात्र विसरता येत नाही. केम्पची बायको या घरातली जवळपास एकटी बाई. जेवणाच्या टेबलावर ती मूक असते, हाऊसच्या सामन्यात मात्र बेभान होऊन ओरडते. मग एक दिवस सगळी मुलं लष्करी सरावाला जातात. घर रिकामं होतं, आणि ती विवस्त्र होऊन त्या ओसाड बोळांतून, मुलांच्या खोल्यांतून, त्यांच्या वस्तूंना हात लावत फिरते. हे दृश्य चवीसाठी घातलेलं आहे असं म्हणणारे असतील. मला ते चित्रपटातलं सर्वांत दुःखी दृश्य वाटलं. पुरुषांनी पुरुषांसाठी बांधलेल्या घरात बाईला वावरता येतं ते घर रिकामं असताना. पण अँडरसन तिला तिथेच सोडून देतो. बंडखोरांच्या बाजूला एक मुलगी आहे, तिला तर नावही नाही, श्रेयनामावलीत फक्त 'मुलगी'. शेवटी मुख्याध्यापक पुढे येऊन समजुतीच्या गोष्टी बोलू लागतो, तेव्हा त्याच्या कपाळावर नेमकी गोळी झाडते ती हीच. काम तिचं, नाव मात्र मिकचं.

माझी या चित्रपटाबद्दलची खरी तक्रार इथून सुरू होते. मिक आणि त्याचे मित्र रक्ताची शपथ घेतात, तलवारीने खेळतात, आपल्या खोलीत कोणाला येऊ द्यायचं ते ठरवतात. म्हणजे एका हाऊसविरुद्ध त्यांनी दुसरं हाऊस काढलं. मुद्दा असा की त्यांना हे परवडतं. अँडरसनचा जन्म १९२३ साली बंगळूरचा, वडील ब्रिटिश लष्करात अधिकारी, शिक्षण चेल्टनहॅम कॉलेज आणि मग ऑक्सफर्ड. चित्रपटाची मूळ कल्पना ज्यांची, ते डेव्हिड शेरविन आणि जॉन हाऊलेट दोघे टॉनब्रिज शाळेचे. आणि या शाळा जाळून टाकाव्यात असं सांगणारा चित्रपट बराचसा चित्रित झाला तो चेल्टनहॅम कॉलेजमध्ये, म्हणजे दिग्दर्शकाच्याच शाळेत! अनोळखी माणसाला ते फाटक इतक्या सहज उघडलं असतं का? शाळेच्या टायविरुद्धचा चित्रपट शाळेच्या टायमुळे शक्य झाला असावा. अँडरसनचा राग खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो राग घरातल्या मुलाचा आहे, इतकंच. ह्यूजने घरातून प्रेम केलं, अँडरसनने घरातून आग लावली. फाटकाबाहेर उभा असलेला माणूस दोघांच्याही गोष्टीत नाही.

अर्धा आत, अर्धा बाहेर असा एक मुलगा मला सापडला तो जॉर्ज ऑरवेलच्या बालपणीच्या शाळेवरच्या 'सच, सच वेअर द जॉईज' या निबंधात. तो त्याच्या मृत्यूनंतर १९५२ साली छापला गेला. बिहारमधल्या मोतिहारीत जन्मलेला हा मुलगा ईस्टबोर्नजवळच्या एका महागड्या शाळेत कमी फीवर शिकत होता, आणि शिष्यवृत्ती मिळवून शाळेचं नाव काढणं हे त्याच्यावरचं ऋण होतं. श्रीमंत मुलांना सहज मिळणाऱ्या लहानसहान गोष्टी त्याला नाकारल्या जात. 'आम्ही तुझ्यासाठी इतकं करतो' हे वाक्य त्या निबंधात छडीपेक्षा जास्त लागतं. ऑरवेल पुढे शिष्यवृत्तीवर ईटनला गेला. तो हाऊस जाळत नाही, पण आपण तिथे उपकारावर आहोत ही जाणीव त्याला आयुष्यभर सोडत नाही. या तिघांत मला सर्वांत जवळचा वाटला तो हा मुलगा.

टायचं पूर्ण वजन समजलं ते हे सगळं वाचल्यावर. ईटनच्या माजी विद्यार्थ्यांचा टाय काळा, त्यावर फिकट निळ्या बारीक रेघा. न ओळखणाऱ्याला तो नुसता टाय, ओळखणाऱ्याला पूर्ण परिचयपत्र. या एका शाळेने देशाला २० पंतप्रधान दिले. इंग्रजीत 'जुन्या शाळेचा टाय' हा वशिल्याला प्रतिशब्दच आहे. अमेरिकेतल्या वाचकांना गंमत वाटेल, पण तुमच्याकडे ब्रुक्स ब्रदर्सने तिरक्या रेघांची दिशा उलटी केली आणि असे टाय कोणीही विकत घ्यावेत असे झाले. इथे अजूनही माणसं विचारतात, "हा रंग कुठला?"

आता आमच्या घराकडे येते. आबांनी आयुष्यभर टाय लावला तो वर्षातून एकदा, १४ एप्रिलला. सकाळी आरशापुढे उभं राहून ते गाठ मारायचे, सैल झाली की सोडून पुन्हा. कारण उघड आहे. महाराष्ट्रातल्या गावागावांत बाबासाहेबांचा पुतळा सूट आणि टायमध्ये उभा आहे. ज्या मुलाला साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसवलं, तो कोलंबिया, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन करून टाय लावून परत आला. तो टाय कुठल्याही हाऊसचा नव्हता आणि कोणाचा वशिलाही नव्हता. अँडरसनच्या मिकला टाय हा फास वाटतो. आबांना तो फास वाटूच शकत नाही. ज्याच्या पोराला पिढ्यान्‌पिढ्या वर्गाबाहेर बसवलं, त्याला 'हे सगळं फेकून दे' हे वाक्य ऐकवणं मला जमणार नाही. फाडायला आधी टाय हातात यावा लागतो. 'इफ....'ला हे माहीत नाही, आणि ती त्याची मोठी उणीव आहे.

पण इथेच थांबले तर मी स्वतःला फसवते. माझ्या मुलाचा टाय बाबासाहेबांच्या टायसारखा नाही. इंग्लंडमध्ये आता सरकारी ग्रामर शाळा फक्त १६३ उरल्या आहेत. फी नाही, पण दहाव्या-अकराव्या वर्षी परीक्षा. त्या परीक्षेसाठी आम्ही दोन वर्षं शनिवार-रविवार क्लास लावला. दर महिन्याला त्याचे पैसे देताना माझं स्वतःचं कंत्राट चौदा महिन्यांनी संपणार आहे हे मनात असायचं. नोकरी राहील न राहील, पोराची शाळा तरी पक्की हवी. आपल्या मंडळातल्या किती घरांत हेच गणित चालतं ते मला माहीत आहे. निकालाच्या दिवशी ग्रुपवर पेढ्यांचे फोटो येतात, आणि काही घरं त्या दिवशी गप्प असतात, हेही. चार वर्षं मुलाच्या बाकावर बसलेला शेजारचा मित्र पास झाला नाही. त्याच्या घरी क्लास परवडणारा नव्हता. आता दोघं सकाळी एकाच बसथांब्यावर उभे राहतात, दोन वेगवेगळ्या टायमध्ये. आबांच्या विनोदातला तिखटपणा मला त्या थांब्यावर कळला. मुंजीतला प्रश्न ज्याची होते त्याचा कधीच नव्हता, ज्याची होत नाही त्याचा होता.

ऑक्टोबरमध्ये एकदा मी खिडकीतून पाहिलं. मुलगा कोपऱ्यावर थांबला, टायचा चिमटा काढला, टाय खिशात घातला, आणि मग थांब्याकडे गेला. संध्याकाळी विचारलं तर म्हणाला, "तिथे नको वाटतो. बसमध्ये लावतो." मित्रासाठी काढतो की स्वतःला अवघडल्यासारखं होतं म्हणून, ते मी विचारलं नाही. त्यालाही सांगता आलं नसतं.

'इफ....' जरूर पाहा. अर्धशतक उलटलं तरी हाऊस आतून कसं चालतं हे इतकं स्वच्छ दाखवणारा दुसरा चित्रपट मी पाहिलेला नाही. 'टॉम ब्राउन' वाचाच, निदान त्या सामन्याचं प्रकरण तरी, म्हणजे मुलं हाऊसवर जीव का टाकतात ते कळेल. आणि ऑरवेल वाचताना आपल्या पोराला आपण दिवसातून किती वेळा 'तुझ्यासाठी इतकं केलं' म्हणतो ते मोजा. मी मोजलं, आणि सध्या बंद केलं आहे.

चिमट्याचा टाय पाहून आबा नाराज झाले होते. "गाठ नाही तर टाय कसला?" म्हणाले. डिसेंबरमध्ये येणाऱ्या एका ओळखीच्यांबरोबर त्यांनी आपला टाय पाठवला, साधा निळा, रेघ नसलेला. दर रविवारी व्हिडिओवर आजोबा-नातवाची शिकवणी चालते. गाठ अजून डावीकडे कलते. १४ एप्रिलपर्यंत जमेल, असं आबांचं म्हणणं आहे.